तिसऱ्या झटक्याला

सालवडच्या नाक्यावर, बोईसर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांच्या स्टँडवर एक पत्र्याची पाटी आहे. ‘गाडी नंबरप्रमाणे भरेल’ एवढंच तिच्यावर लिहिलंय. म्हणजे जी रिक्षा आधी येऊन उभी राहिली तिच्यात आधी माणसं बसणार, ती भरून गेली की मागची पुढे सरकणार. ही पाटी खंडेरावने लावली. खंडेराव मूळचा लातूरकडचा, स्टँडचा अध्यक्ष, आणि नंबराच्या बाबतीत सख्ख्या मेव्हण्यालाही न सोडणारा माणूस. नंबराला त्याने तीनच सवलती ठेवल्या होत्या: अडलेली बाई, दवाखान्याचा पेशंट आणि दहावीची परीक्षा. पुढे पाटीखाली खडूने चौथी सवलत लिहिली गेली ती धर्माजीमुळे, आणि ती सांगायची तर आधी धर्माजी सांगावा लागतो.

धर्माजी शिरगावचा. किल्ल्याच्या मागच्या अंगाला त्यांची वाडी. चार भावांत वाडी वाटली गेली तेव्हा त्याच्या वाट्याला अकरा माड आणि विहिरीचा पाव हिस्सा आला. पाव विहिरीवर संसार होत नाही हे त्याला लवकर कळलं, म्हणून तो बायकोला घेऊन सालवडला आला, भाड्याची खोली केली आणि काही वर्षं कापडाच्या एका कारखान्यात काढली. तिथली उष्णता त्याने सोसली, सुपरवायझर सोसला नाही. मग रिक्षा घेतली. आता वय सत्तावन्न. डोक्यावरचे केस गेले, त्यांची भरपाई मिशीने केली. एकुलती मुलगी रूपल वैतरण्याला दिलेली. नातवंडं सुट्टीत येतात, मोबाईल बघतात आणि जातात.

माणूस वाईट नाही, पण एक खोड जबर. त्याला ओळखीचा भारी सोस. लग्न असो, मयत असो, नाहीतर रेशनची रांग असो, समोरच्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन हा विचारणार, “वळखलं का?” समोरचा ‘हो’ म्हणाला की याचा दिवस चांगला जातो. ‘नाही’ म्हणाला तर त्या बिचाऱ्याची सुटका नाही. कोणत्या साली, कुठून कुठे, किती बोचक्यांसकट आपण त्याला सोडलं होतं हे सगळं ऐकूनच त्याला पुढे जाता येतं. त्याची बायको प्रेमला म्हणते, “हे मेल्यावर यमाला पण इचारतील, वळखलं का म्हणून.”

आणि नेमक्या अशा माणसाच्या वाट्याला प्रतीक्षा आली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची पावणेनऊची वेळ. अर्चना नावाची एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन स्टँडवर आली. नवरा मनीष औषधांच्या कारखान्यात शिफ्टला, माणसं मूळची साताऱ्याकडची, सालवडच्या एका चाळीत नव्याने राहायला आलेली. मुलीला स्टेशनजवळच्या विशेष मुलांच्या शाळेत घातलं होतं आणि तो शाळेचा पहिला दिवस होता. मुलगी पहिल्या रिक्षात बसली आणि लगेच उतरली. दुसरीत बसायलाच तयार नाही. मग तिने रस्त्यावर अंग टाकलं आणि ओरडायला सुरुवात केली, आणि दोन्ही हातांनी कान दाबून धरले. माणसं जमली. माणसं जमली की सल्ले जमतात. कुणी म्हणालं दृष्ट काढा, कुणी म्हणालं दोन ठेवून द्या. अर्चना खाली बसून मुलीचं डोकं दगडावर आपटू नये म्हणून आपला हात त्याखाली धरून होती.

धर्माजी तिसऱ्या नंबरला. त्याची रिक्षा जुन्या पद्धतीची. चालकाच्या डाव्या हाताला, पायाशी एक लोखंडी दांडा असतो. तो हाताने झटक्यात वर खेचला की इंजिन चालू. निदान तसं व्हावं अशी कंपनीची अपेक्षा. धर्माजीची गाडी पहिल्या झटक्याला नुसती खोकायची, दुसऱ्याला शिंकायची, आणि तिसऱ्याला चालू व्हायची. हे वर्षानुवर्षं असंच. सुका नावाचा मेकॅनिक त्याला सारखा म्हणायचा, “अर्धा तास गाडी दे, कार्ब्युरेटर साफ करून देतो.” धर्माजीचं उत्तर ठरलेलं: “उद्या.” बाकीचे रिक्षावाले त्यावरून त्याची टिंगल करायचे आणि मनातून त्यालाही लाज वाटायची, पण आळस लाजेपेक्षा वरचढ होता.

तर त्या गोंधळात धर्माजीने रस्ता मोकळा करावा म्हणून दांडा खेचला. खर्र. पुन्हा खेचला. खर्र. तिसऱ्यांदा खेचला आणि टर्रर्र करून गाडी चालू झाली. मुलगी गप्प झाली. उठली, फ्रॉकची धूळ न झटकता रिक्षात चढली आणि मागच्या सीटवर बरोबर मधोमध बसली. सगळे बघतच राहिले. धर्माजीने मिशीवरून हात फिरवला आणि त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं, “पोरगी मला बगून गप झाली.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दुसऱ्या कुणाच्या रिक्षात ती पाय ठेवेना. मग पावणेनऊला धर्माजीचा नंबर असो वा नसो, त्याची गाडी पुढे घ्यायची की नाही यावर स्टँडवर दोन दिवस वाद झाला. खंडेराव म्हणाला, “नंबर म्हंजे नंबर. उद्या कुणी म्हणंल, माझ्या म्हशीला याचीच गाडी आवडते.” पण तिसऱ्या सकाळी त्याने स्वतः त्या मुलीला रस्त्यावर आडवं पडलेलं पाहिलं, टपरीवरून खडू आणला आणि पाटीखाली लिहिलं, ‘पावणेनऊ – धर्माजी’. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

अर्चनाने हळूहळू सांगितलं. “काका, तिला ऑटिझम आहे. स्वमग्नता म्हणतात. ऐकू सगळं येतं, कळतंही बरंच. बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. आणि तिला सगळं रोजच्यासारखं लागतं. क्रम चुकला की ती घाबरते.”

धर्माजीने विचार केला. “म्हंजे आमच्या खंडेरावाला हाय तेच,” तो म्हणाला. “पण तो बोलतो, हीच अडचण.”

“आजार नाही हो काका तो,” अर्चना म्हणाली आणि मग हसली. सालवडला आल्यापासून ती रस्त्यात पहिल्यांदाच हसली असावी.

अशी तीन वर्षं गेली. रोज सकाळी पावणेनऊ, रोज मधली जागा, रोज दहा-बारा मिनिटांचा रस्ता. एकदा शर्ट पँटीत खोचलेला एक प्रवासी अर्चनाला म्हणाला, “मोबाईल फार देत असाल तुम्ही, म्हणून बोलत नाही.” धर्माजीने गाडी बाजूला घेतली. “उतरा, तुमचं ठिकाण आलं.” तो म्हणाला, अजून स्टेशन कुठे आलंय. “आमचं नाय आलं. तुमचं आलं,” धर्माजी म्हणाला आणि त्याला उतरवूनच गाडी पुढे काढली. अर्चना तेव्हा बाहेर बघत होती. उतरताना मात्र ती “काका, येते” म्हणाली, आणि तेव्हापासून रोज म्हणू लागली.

प्रतीक्षा काही म्हणत नव्हती. बसल्यावर धर्माजीच्या डाव्या खांद्याकडे बघायची, गाडी चालू झाली की बारीक आवाजात गुणगुणायची, आणि शाळा आली की उतरून सरळ आत जायची. धर्माजी रोज आरशातून विचारायचा, “काय गं, वळखलं का?” उत्तर नाही. त्याने फेब्रुवारीत वाडीतल्या झाडाचे गुलाबी, पाणीदार जाम आणले, उन्हाळ्यात ताडगोळे आणले. ताडगोळ्यांना तिने हात लावला नाही. एक जाम मात्र हातात घेतला, हुंगला आणि सीटवर ठेवून उतरून गेली. धर्माजीने तो जाम काचेपाशी ठेवला, तो सुकून सुरकुतला तरी टाकला नाही.

“ती तुमच्याकडं बगत पण नाय, आणि तुमी जाम सुकवत बसलायत,” प्रेमला म्हणायची.

“पाठ वळखते माझी.”

“पाठ! रिक्षावाल्यांच्या पाठी सगळ्या सारख्याच असतात.”

धर्माजी चिडायचा, कारण मनातून त्यालाही तीच शंका होती. साऱ्या सालवडने ओळखलं काय आणि न ओळखलं काय. या एका पोरीने आपल्याला ओळखावं अशी त्याला तहान लागली होती. सत्तावन्नाव्या वर्षी हे असं होणं बरं नव्हे हे त्याला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

मग जुन्या रिक्षाचं वय संपलं. कितीही रंग लावला तरी पासिंग मिळेना. धर्माजीने दिवाळीच्या पाडव्याला नवी रिक्षा आणली. गॅसवर चालणारी, चकचकीत, आणि बटण दाबलं की पहिल्याच फटक्यात चालू होणारी. दांडाबिंडा काही नाही. आपल्या अकरांपैकी एका माडाचा नारळ त्याने तिच्यापुढे फोडला आणि स्टँडवर पेढे वाटले. “आता हसा लेको,” तो सगळ्यांना म्हणाला. आजवर त्याच्या गाडीला जे हसत होते ते त्या दिवशी खरोखरच गप्प बसले. जुनी रिक्षा भंगारात गेली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. पावणेनऊला अर्चना मुलीला घेऊन आली. धर्माजीने गाडी पुसून तयार ठेवली होती. प्रतीक्षा थांबली, मग आईने धरून आत बसवली तशी बसली. धर्माजीने ऐटीत बटण दाबलं आणि इंजिन गुरगुरलं. ती किंचाळत बाहेर पडली. रस्त्यावर लोळली, स्वतःच्या मनगटाला चावली, रक्त आलं. धर्माजी खाली उतरून तिच्यापुढे उकिडवा बसला. “अगं मीच हाय. बग तरी. मीच हाय ना,” तो म्हणत राहिला. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी अर्चनाने तिला उचलून, फरफटत, घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी धर्माजी भंगारवाल्याकडे गेला आणि जुन्या सीटचं कव्हर घेऊन आला. तिसऱ्या दिवशी जुना आरसा, चौथ्या दिवशी प्लास्टिकच्या झेंडूची माळ. जुना हॉर्न. देवीचा जुना फोटो. नव्या गाडीवर जुनं सामान असं चढलं की ती सासूचे दागिने घातलेल्या नवरीसारखी दिसू लागली. प्रतीक्षा काही बसेना. मनीषने तिला मोटारसायकलवर न्यायचा प्रयत्न केला, ती चालत्या गाडीवरून उतरू लागली, तेव्हा तोही सोडला. चालत जायला अंतर लांब. तीन आठवडे शाळा बुडाली.

शाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, मोठा खंड पडू देऊ नका. त्यांचंही खरं होतं. आपला डबा आपल्या कप्प्यात ठेवणं तिला यायला दीड वर्ष लागलं होतं. शू लागली की भिंतीवरच्या चित्राला बोट लावून दाखवणं नुकतंच जमू लागलं होतं. घरी बसून ते एकेक सुटायला लागलं. अर्चना स्टँडवर यायची थांबली, तरी खंडेरावने पाटीखालचं खडूचं अक्षर पुसलं नाही. पावणेनऊला धर्माजीची गाडी पुढे यायची, पाच मिनिटं रिकामी उभी राहायची आणि मग नंबराला लागायची.

“तिला गाडी म्हाईत होती,” धर्माजी जेवताना प्रेमलाला म्हणाला. “मी नव्हतोच तिच्या ध्यानात. तीन वर्सं मी उगाच तोंड घेऊन बसलो पुढं.”

‘मी सांगत नव्हते?’ असं म्हणायची प्रेमलाला ही सोन्यासारखी संधी होती. तिने ती सोडली आणि त्याच्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा वाढला. सांत्वनाची तिच्याकडे तेवढीच रीत होती.

एका रविवारी सकाळी धर्माजी केळ्यांची फणी घेऊन चाळीत गेला. कुणातरी ओळखीच्याकडे जुन्या पद्धतीची रिक्षा बघतो, तो नेईल पोरीला, असं अर्चनाला सांगायचं त्याने ठरवलं होतं. आपली जागा आपणच दुसऱ्याला द्यायची म्हणजे पाय जड होणारच. तो जिना चढून वर आला आणि गॅलरीत थबकला.

प्रतीक्षा उपड्या बादलीवर बसली होती. डाव्या बाजूला, पायाशी, लाटणं उभं धरलेलं. तिने ते झटक्यात वर खेचलं आणि तोंडाने आवाज काढला, “खर्र.” थांबली. पुन्हा खेचलं. “खर्र.” थांबली. तिसऱ्यांदा खेचलं. “टर्रर्रर्र,” असा लांब आवाज करत ती बादलीवर बसल्या बसल्या हलू लागली, जशी ती गाडी खड्ड्यांतून जाताना हलायची.

“शाळा बंद झाल्यापासून दिवसभर हेच चाललंय,” अर्चना दारातून म्हणाली. “काय करते काही कळत नाही. लाटणं काढून घेतलं की रडते.”

धर्माजीला कळलं. ज्या गोष्टीची त्याला इतकी वर्षं लाज वाटत आली होती, तीच ती. पोरीला सीट नको होती, आरसा नको होता, माळ नको होती. तिला तीन झटके हवे होते: दोन फुकट गेलेले आणि तिसरा लागलेला. तीन वर्षं ती त्याच्या डाव्या खांद्याकडे बघत होती, ती तो खांदा तीनदा वर जाताना मोजत होती. नवी गाडी पहिल्याच फटक्यात सुटली, म्हणजे तिच्या हिशेबी ती चालू व्हायच्या आधीच सुटली. धर्माजीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तो हातात केळी घेऊन तसाच उभा राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “उद्याचा दिवस जाऊ दे. परवा पावणेनऊला या.”

तिथून तो सरळ सुकाच्या गॅरेजवर गेला. “नव्या गाडीला दांडा बसव,” तो म्हणाला.

“आता कशाला? बटण बिघडलं?”

“बटण ठीक हाय. दांडा कशालाच जोडू नको. नुसता वर जायला हवा आणि खाली यायला हवा.”

सुकाने हातातला पाना खाली ठेवला. “इतकी वर्सं बोंबललो, गाडी नीट करून देतो. तवा नाय दिलीस. आता नीट गाडी आणून बिघडवून मागतोस?”

“दोनदा खर्र वाजली पायजे,” धर्माजी म्हणाला. “त्याशिवाय उपेग नाय.”

खर्र कशी वाजवायची यावर दोघांनी अर्धा दिवस घालवला. शेवटी सुकाने जुन्या सायकलचं फ्रीव्हील काढलं, तेच, पायडल उलटं फिरवलं की खरखरतं ते, आणि दांड्याच्या मुळाशी बसवलं. दांडा वर खेचला की खर्र. काम झाल्यावर सुका स्वतः चालकाच्या जागी बसला, दोनदा खेचून पाहिलं आणि म्हणाला, “हुबेहूब तुझी जुनी बला.”

मंगळवारी पावणेनऊला स्टँडवर कुणी बोलत नव्हतं. खंडेरावने सगळ्यांना बजावलं होतं, हॉर्न वाजवेल त्याचा नंबर शेवटचा. अर्चना आली. प्रतीक्षाने नवी रिक्षा पाहिली आणि आईचा हात मागे ओढू लागली. धर्माजीने मागे वळून पाहिलं नाही, काही विचारलं नाही. डावा हात खाली नेला आणि दांडा खेचला. खर्र. ओढाताण थांबली. दुसऱ्यांदा. खर्र. मुलीने मान किंचित तिरकी केली. तिसऱ्यांदा डाव्या हाताने दांडा आणि उजव्या अंगठ्याने बटण, दोन्ही एकदम. गाडी चालू झाली. प्रतीक्षा चढली आणि मधोमध जाऊन बसली. रेल्वेचं फाटक यायच्या आधीच तिचं गुणगुणणं सुरू झालं. अर्चना स्टेशन येईपर्यंत पर्समध्ये काहीतरी शोधत होती. पर्स लहान होती.

शाळा सुरू झाली, डबा पुन्हा कप्प्यात जाऊ लागला. लोकांनी धर्माजीला डोक्यावर घेतलं, मनीषने घरी बोलावून जेवायला घातलं. धर्माजी जेवला, हसला, पण आतून खट्टू होता. आता शंकेला जागाच उरली नव्हती. तिला ना तो हवा होता, ना गाडी. हवा होता तो कशालाच न जोडलेला एक दांडा.

जानेवारीत त्याला ताप आला आणि चार दिवस तो उठू शकला नाही. गाडीची चावी त्याने खंडेरावला दिली आणि तीन झटके कसे द्यायचे ते पांघरुणातून हात काढून शिकवलं. खंडेरावने चारही दिवस मुलीला शाळेत पोचवलं. पाचव्या दिवशी चावी परत द्यायला आला.

“रडली का?” धर्माजीने विचारलं.

“छ्या. एकदम शहाण्यासारखी बसली.”

“मला शोधत होती का? इकडंतिकडं बगत होती?”

“नाही बा,” खंडेराव म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, नंबराचा माणूस. “तीन झटके दिले, बसली. तुझं नाव पण नाही काढलं.” मग त्याच्या लक्षात आलं की ती कुणाचंच नाव काढत नाही, आणि तो चहा न घेता उठला.

“बरं झालं,” धर्माजी म्हणाला. ते त्याने मनापासूनच म्हटलं. आपण उद्या नसलो तरी पोरीची शाळा बुडणार नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण तोंड भिंतीकडे फिरवून पडला, आणि प्रेमलाने दोनदा विचारलं तेव्हा ताप आहे म्हणाला. ताप नव्हता.

त्यानंतर त्याने आरशातून ‘वळखलं का’ विचारणं सोडलं. इतकंच नाही, इतरांनाही विचारेना. एका लग्नात जुना प्रवासी समोर आला, धर्माजीने नुसती मान हलवली आणि पंक्तीकडे गेला. प्रेमलाला ते बघवेना. “एकदा इचारा तरी कुणाला,” ती म्हणाली, “घर सुनं सुनं वाटतं.”

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी दोघं नारळ उतरवून घ्यायला शिरगावला गेली. रिक्षा सालवडलाच ठेवली, एसटीने आली. अकरा माडांचे नारळ उतरून झाले, तेव्हा धर्माजी धाकटा भाऊ केदारच्या ओट्यावर बसला. अंगात बनियन, कमरेला लुंगी, उन्हाने डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला. शेजारी प्रेमला नारळ निवडत होती. केदार भाऊबंदकीचं काहीतरी सांगत होता, आणि धर्माजी हं हं म्हणत होता.

गल्लीतून समुद्रावरून परतणारी माणसं जात होती. रविवारची असतातच. त्यात मनीष होता, अर्चना होती, आणि बापाचा हात धरून वाळूने भरलेल्या पायांनी प्रतीक्षा चालत होती. हे घर कुणाचं हे त्यांना माहीत नव्हतं. अर्चना तर ओट्याकडे न बघता पुढेही गेली होती.

प्रतीक्षाने बापाचा हात सोडला. ती ओट्याच्या पायऱ्या चढली, केदारला ओलांडून, नारळांच्या ढिगाला वळसा घालून धर्माजीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. त्याच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. भिंतीकडे बघत तिने त्याचं डावं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि वर खेचलं. सोडलं. पुन्हा खेचलं. सोडलं.

इथे रिक्षा नव्हती. दांडा नव्हता, फ्रीव्हील नव्हतं, अंगावर खाकी नव्हती, डोक्यावर टॉवेल होता. इथे फक्त तो होता.

तिसऱ्यांदा तिने त्याचा हात वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. ती थांबली होती. धर्माजी तिच्या वाळूने भरलेल्या पायांकडे बघत राहिला. प्रेमलाने हातातला नारळ खाली ठेवला. “अवो, चालू करा की,” ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

“टर्रर्रर्र,” धर्माजी म्हणाला. आवाज आधी फाटका निघाला, मग लागला. प्रतीक्षा त्याच्या आणि प्रेमलाच्या मधोमध बसली आणि गुणगुणू लागली. धर्माजी ओट्यावर बसल्या बसल्या हलू लागला, खड्डे आले तसा. गल्लीत अर्चना तोंडावर हात ठेवून उभी होती.

केदार एकदा भावाकडे बघे, एकदा पोरीकडे. “कोण रे ही?” त्याने विचारलं. “तुला कशी काय वळखते?”

धर्माजीने डाव्या हाताने त्याला थांब म्हणून खूण केली. गाडी चालू होती, आणि स्टेशन अजून लांब होतं.